शेअर रिक्षा न्यूयॉर्कला पोहोचली, आपली मुलं कुठे अडली?

कॉलेज सुरू होऊन महिना-दोन महिने झाले की नोटीस बोर्डावर एक कागद लागतो. आंतरराष्ट्रीय विद्यार्थी व्यवसाय स्पर्धा, नावं नोंदवा. आपल्या घरातली मुलं-मुली तो वाचतात आणि पुढे जातात. कुणी घरी विषय काढलाच तर अब्बा विचारतात, "याचे मार्क मिळतात का?" मार्क मिळत नाहीत, त्यामुळे गोष्ट तिथेच संपते. आम्हा शिक्षकांना वाटतं, ती इतक्या लवकर संपू नये.

अशा स्पर्धांमध्ये आज मोठं नाव आहे हल्ट प्राइझचं. अहमद अश्कर या पॅलेस्टिनी वंशाच्या अमेरिकन तरुणाने बिझनेस स्कूलमध्ये शिकताना ही कल्पना मांडली. बक्षीस आहे दहा लाख डॉलर, म्हणजे आठ कोटी रुपयांहून जास्त. ही रक्कम जिंकणाऱ्या टीमला धंदा उभा करायला भांडवल म्हणून मिळते. अट अशी की धंदा पायावर उभा राहिला पाहिजे आणि त्यातून लोकांची एखादी खरी अडचणही सुटली पाहिजे. पहिली फेरी आपल्याच कॉलेजात होते, मग वरच्या फेऱ्या, मग निवडक टीम्सना प्रशिक्षण आणि शेवटी अंतिम फेरी.

आता जिंकलेल्या कल्पना बघा. २०१४ मध्ये हैदराबादच्या इंडियन स्कूल ऑफ बिझनेसची नॅनोहेल्थ ही टीम जिंकली. झोपडपट्टीत शुगर, बीपीचे पेशंट वाढतायत आणि तपासणी वेळेवर होत नाही, ही अडचण. उपाय असा की वस्तीतल्याच लोकांना शिकवायचं, बॅगेत तपासणीची साधनं द्यायची आणि घरोघरी पाठवायचं.

२०१७ चा विषय होता निर्वासित. त्या वर्षी अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठाचे चार विद्यार्थी जिंकले, चौघंही पाकिस्तानी वंशाचे. त्यांच्या 'रोशनी राइड्स'ने कराचीतल्या ओरंगी टाऊनमधल्या लोकांसाठी ठरलेल्या मार्गावर, परवडणाऱ्या भाड्यात शेअर रिक्षा चालवायची योजना मांडली. अंतिम फेरी झाली न्यूयॉर्कला, संयुक्त राष्ट्रांच्या मुख्यालयात. भिवंडी, मालेगाव, मुंब्र्यात आपण रोज ज्या शेअर रिक्षात दाटीवाटीने बसतो, तीच ही रिक्षा!

२०२३ ला येल विद्यापीठाची बॅनोफी ही टीम जिंकली. केळीचा घड काढल्यावर शेतात टाकून दिलेल्या खोडापासून चामड्याला पर्याय तयार करायचा, ही त्यांची कल्पना. केळी रावेर-यावलची प्रसिद्ध, चामड्याचं काम धारावीचं. दोन्ही आपल्या महाराष्ट्रातच आहेत.

यातली एकही अडचण आपल्या मोहल्ल्याला नवी नाही. मग आपली मुलं कुठे अडतात?

सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालात याचं अर्धं उत्तर आहे. मुस्लिम कामगारांपैकी सुमारे ६१ टक्के लोक स्वतःच्या कामधंद्यात होते. हे प्रमाण इतरांपेक्षा जास्त होतं. त्याच अहवालानुसार, वीस वर्षांवरच्या मुस्लिमांमध्ये पदवी किंवा डिप्लोमा घेतलेले चार टक्क्यांहूनही कमी होते, तर देशात हे प्रमाण सात टक्क्यांच्या आसपास होतं. आकडे जुने आहेत, पण मुद्दा आजही कळतो. धंदा आपल्या घरात आहे, कॉलेज मात्र उशिरा आलं. आणि या स्पर्धेला दोन्ही लागतं. गॅरेज, बेकरी, लूम, जरीकाम यांचा सगळा हिशोब आपण तोंडी ठेवतो. परीक्षक कागदावरचा मागतात.

आमची एक जुनी विद्यार्थिनी कॉलेजच्या फेरीत उतरली होती. दहावीपर्यंत उर्दू माध्यम, इंग्रजी बेताचं. तिची अम्मी घरी दुपट्ट्यांना मोती लावते, नगावर मजुरी मिळते. मोहल्ल्यातल्या अशा बायकांना दलालाशिवाय थेट ऑर्डर मिळावी, अशी तिच्या टीमची कल्पना होती. सगळ्यांना आवडली. मग परीक्षकांनी विचारलं, "एका दुपट्ट्याला किती तास लागतात? ताशी किती पडतात?" चौघीही गप्प. टीम पहिल्याच फेरीत बाहेर पडली.

पोरगी घरी येऊन रडली आणि दुसऱ्या दिवशी वही घेऊन अम्मीजवळ बसली. महिनाभर तिने तास आणि नग लिहून ठेवले. ताशी मजुरीचा आकडा निघाला तेव्हा अम्मी बराच वेळ काही बोललीच नाही. पुढच्या खेपेला मात्र तीच वही घेऊन तिने दलालाकडे भाव वाढवून मागितला. थोडा का होईना, वाढवून मिळाला. स्पर्धा हरली, पण त्या घरात हिशोब आला.

म्हणूनच आठ कोटींचं स्वप्न दाखवून मुलांना पाठवू नये, असं आमचं मत आहे. जगभरातून टीम्स उतरतात आणि मोठं बक्षीस एकीलाच मिळतं. जवळपास सगळेच हरणार आहेत. पाठवायचं ते तयारीसाठी. चौघांत मिळून काम करणं, अनोळखी लोकांसमोर उभं राहून बोलणं, "हे चालणार कसं?" या प्रश्नाला आकड्यात उत्तर देणं. नोकरीच्या इंटरव्ह्यूत हे लागतं आणि अब्बांच्या दुकानातही लागतं.

पालकांनी दोन-तीन गोष्टी केल्या तरी पुष्कळ आहे. मुलांना आपल्या धंद्याची वही उघडून दाखवा, तोटासुद्धा लपवू नका. इंग्रजीच्या भीतीने मागे ओढू नका. मुद्दे आधी मराठीत किंवा उर्दूत पक्के करा, मग शिक्षकांच्या मदतीने इंग्रजीत बसवा. परदेशात जायची वेळ आलीच तर तिकीट, व्हिसा, राहण्याचा खर्च कोण करणार, सोबत कोण असणार, हे कॉलेजला आधीच विचारा. मुलीच्या बाबतीत हे प्रश्न जरूर विचारा, पण पहिली फेरी तिच्याच कॉलेजात असते. तेवढ्यासाठी तरी "लोक काय म्हणतील" मध्ये आणू नका.

आणि आम्हा शिक्षकांचीही जबाबदारी आहे. नोटीस लावून आमचं काम संपत नाही. ती वर्गात वाचून दाखवायला हवी आणि मागच्या बाकावरच्या मुलीला विचारायला हवं, "तुझ्या घरी काय काम चालतं?" तिच्या उत्तरातूनच स्पर्धेची कल्पना निघू शकते.