तीन फुटी ओटा

गेल्या महिन्याभरात ऑफिसातल्या चार जणांनी मला एकच प्रश्न विचारलाय. पोराला ते लाकडी किचन घ्यावं का? तेच ते, सिंक, खोटा नळ, दोन शेगड्या, खाली ओव्हन, वर मायक्रोवेव्ह, उंचीला जेमतेम तीन फूट. चौघांना चहाच्या मशीनपाशी उभं राहून तेच तेच सांगून झालंय, तेव्हा म्हटलं एकदा लिहूनच टाकावं.

तर उत्तर असं: घ्यावं. मुलगा असेल तर जरा जास्तच आवर्जून घ्यावं. आणि ते जोडायला कंपनीचा माणूस बोलावू नये.

आता सविस्तर. आधी 'लाकडी' ह्या शब्दाचं बघू. खोक्यावर वुडन लिहिलेलं असलं तरी आत बहुतेक वेळा एमडीएफ असतं, म्हणजे लाकडाचे तंतू रेझिनमध्ये दाबून केलेले तक्ते. एमडीएफ वाईट असतं असं नाही. गुळगुळीत असतं, बोटात कुसळ जात नाही, रंग छान बसतो. पण त्याला दोन खोडी आहेत. कडेला पाणी मुरलं की ते फुगतं आणि फुगलेलं परत बसत नाही. आणि स्क्रू एकदा काढून पुन्हा त्याच भोकात घातला की पहिल्यासारखी पकड राहत नाही. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी आणि दर दोन वर्षांनी पॅकर्स-मूव्हर्सना फोन करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. प्लायवूड मिळालं तर दोन्ही बाबतींत बरं, अर्थात खिशाला जड.

आयकिया २०१८ मध्ये हैदराबादला आणि २०२० च्या डिसेंबरात नवी मुंबईत आलं, त्यानंतर आमच्या ओळखीतल्या घरांत ही किचन्स दिसायला लागली. त्यांच्या किचनचं नाव 'डुक्टिग'. स्वीडिशमध्ये ह्याचा अर्थ हुशार, कामाला वाघ वगैरे. त्याचे पाय तीन उंचींना लावता येतात, ही मला फार शहाणपणाची गोष्ट वाटते, कारण ह्या वयातली पोरं दुधीसारखी वाढतात. आम्ही मात्र दुसरंच घेतलं, साडेआठ हजारांचं. कुणाचं ते सांगत नाही, कारण पुढे तक्रार येणार आहे.

कुठलंही घ्या, दोन गोष्टी बघूनच घ्या. एक, आयएसआयची खूण. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना ती आपल्याकडे सक्तीची आहे (नोंदणीकृत हस्तकला कारागिरांना सूट आहे). दोन, शेगडीत लाल दिवा लागत असेल तर तो कशावर लागतो ते. बटन सेल असेल आणि त्याचं झाकण स्क्रूने बंद होत नसेल, तर ते खेळणं तिथेच ठेवून या. बटन सेल गिळला तर दोन तासांतसुद्धा अन्ननलिका भाजू शकते. ह्यात विनोदाला जागा नाही.

तिसरा मार्ग सुताराचा. आमच्या सोसायटीत एकाने मॉड्युलर किचनच्या उरलेल्या प्लायमधून पोरीसाठी ओटा करून घेतला. सिंकच्या जागी स्टीलचं भगुलं बसवलंय, खऱ्या पाण्याने भरता येतं आणि काढून धुता येतं. वस्तू म्हणून ह्याच्यासमोर आमचं साडेआठ हजारांचं प्रकरण काहीच नाही. फक्त जोडायची मजा सुताराला मिळते.

आणि माझ्या मते अर्धे पैसे जोडण्यातच वसूल होतात. खोकं उघडलं की ए पासून के पर्यंत अक्षरं लिहिलेल्या स्क्रूंच्या पुड्या निघतात. एकही शब्द नसलेली चित्रांची पुस्तिका निघते. (डॉक्युमेंटेशन लिहायचा कंटाळा येणारे फक्त आपल्याच धंद्यात नसतात.) आमच्याकडे पहिलं काम पोराला दिलं: इडलीपात्राच्या थाळ्या काढल्या आणि एकेका पुडीतले स्क्रू एकेका खळग्यात. मी त्याच्या मांडीला मांडी लावून बसलो होतो, कारण तोंडात घालायचं वय अजून पूर्ण सरलेलं नाही. पण तीन वर्षांचं पोर लांब स्क्रू आणि आखूड स्क्रू बिनचूक वेगळे करतं. त्याला हे काम आहे हे कळतं आणि काम मिळाल्याचा त्याला चक्क अभिमान वाटतो.

ड्रिल मशीन घरात असेल तर ते कपाटातच राहू द्या. एमडीएफमध्ये मशीनने स्क्रू पिळला की एका क्षणात भोक वाया जातं. हाताने पिळा आणि कुठलाच स्क्रू शेवटपर्यंत आवळू नका. सगळे तक्ते उभे राहिले, कोपरे काटकोनात आले की मग एक फेरी मारून सगळे घट्ट करा. डाव्या-उजव्या बाजूचे तक्ते दिसायला जुळे असतात, फरक असतो तो एका भोकाचा. चित्रात ते भोक शोधणं हे पोराचं दुसरं काम. ॲलन की फिरवायचं तिसरं. तो एका वेळी पाव वळसा फिरवतो, मग की पडते, मग ती सोफ्याखालून काढायची. तासाभराचं काम आम्हाला साडेतीन तास पुरलं, मधे एक वरण-भात झाला.

एक बोल्ट खोक्यात नव्हताच. कस्टमर केअरने सात ते दहा कामाचे दिवस सांगितले. नाक्यावरच्या हार्डवेअरवाल्याने दुसरा बोल्ट हातात धरून बघितला, मागच्या खणात हात घातला आणि तसाच काढून दिला. पाच रुपये. पोरगं तो बोल्ट मुठीत धरून घरी आलं, वाटेत लिफ्टमधल्या तिघांना दाखवत.

हे एवढं पाल्हाळ लावायचं कारण असं. आपल्या घरांत काहीही मोडलं की वाक्य ठरलेलं असतं, 'माणूस बोलाव'. नळाला माणूस, गीझरला माणूस, पंख्याला माणूस. पोरं तेच बघत मोठी होतात, वस्तू आतून कशी असते हे त्यांना दिसतच नाही. आमच्या किचनचा नळ पंधरा दिवसांत ढिला झाला, तेव्हा पोरगं मला सांगायला आलं ते ॲलन की घेऊनच. ज्याने बिल्ड केलंय त्याला डीबग करायची भीती वाटत नाही, एवढं सोपं आहे ते.

आता आत काय ठेवायचं? बरोबर येतात ती लाकडी अंडी, क्रॉसाँ आणि वेल्क्रोने अर्धी होणारी गाजरं. कुकर नाही, पोळपाट नाही, कढई नाही. आपली भातुकली बघा. चूल, जातं, पाटा-वरवंटा, बंब, घंगाळ, रोळी, म्हणजे ज्या घरात ती मांडली जायची त्या घराची हुबेहूब लहान प्रत. ती जमिनीवर बसून खेळायची, कारण आजीचा स्वयंपाकही जमिनीवर बसूनच व्हायचा. आज स्वयंपाक उभ्याने होतो, तेव्हा पोराला उभा ओटा हवा हे रास्तच आहे. पण त्यावरची भांडी आपल्याच घरातली हवीत. सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी पोळपाट-लाटणं मिळतं, तसं एक आमच्या ओट्यावर आहे. बाकी स्टीलच्या वाट्या, एक छोटी कढई आणि जुना झारा. अंडी-क्रॉसाँ सध्या टोपलीत पडून असतात.

भातुकलीची आणखी एक गोष्ट मला फार हुशारीची वाटते. भांडी खोटी, पण खाऊ खरा. चुरमुरे, गूळ, पोहे. पोरं खरंच कालवायची आणि खरंच खायची. मारिया माँटेसरींनी १९०७ मध्ये रोममध्ये पहिलं बालगृह काढलं, तेव्हा त्यांना दिसलं की मुलांपुढे चांगली खेळणी ठेवली तरी मुलं वळतात ती खऱ्या कामाकडे, ओतणं, पुसणं, वाढणं. त्यामुळे माँटेसरीवाले लोक खोट्या किचनला नाकं मुरडतात. मुद्दा त्यांचा बरोबर आहे. पण त्यावर आपल्याकडे आधीच तोडगा होता ना! खोट्या ओट्यावर खरे चुरमुरे द्या, खरी काकडी आणि बोथट सुरी द्या, शेजारी बसा. (शेंगदाणे नकोत. ह्या वयात घशात अडकतात.) मुंग्या येतात हे कबूल. मग पुसायचं फडकंही देता येतं.

राहता राहिला खरा प्रश्न, जो चौघांपैकी दोघांनी आवाज खाली आणून विचारला. 'अरे पण आमचा मुलगा आहे...'

आमच्या अप्पांनीही विचारला होता, आवाज न उतरवता. 'मुलग्याला भातुकली?' त्यांच्या लहानपणी मुलगे भातुकलीत असायचे, नाही असं नाही. पण त्यांचं काम ऑफिसला जायचं. अंगणाला एक चक्कर मारायची, परत यायचं आणि पाटावर बसायचं. वाढायचं काम बहिणींचं.

मला वाटलं होतं हे अप्पांबरोबर संपलं असेल. गेल्या रविवारी शेजारची चार वर्षांची कन्या खेळायला आली. किचन बघून हरखली. दोन मिनिटांत तिने ताबा घेतला, आणि ज्याने साडेतीन तास स्क्रू पिळले होते त्या आमच्या चिरंजीवांना सांगितलं, 'तू नाही, तू तिथे बस. बाबा लोक बसतात.' तो गेला आणि बसला. पाच-सात मिनिटं ताटली मांडीवर घेऊन शांतपणे वाट बघत बसला होता. कुणी कुणाला ओरडलं नाही, रडारड नाही. मी दारात उभा होतो. मला ती शांतताच बोचली.

तिच्या आईवडिलांना दोष देत नाहीये, दोघं भली माणसं आहेत, दोघंही नोकरी करतात. पण मुलगी चार वर्षं बघतेय ते तिने सांगितलं. सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं वेळ जातो आणि पुरुषांचा ८८. आणि पुरुषांचा हा आकडा जे मुळात घरकामाला हात लावतात त्यांचा आहे, बाकीचे त्यात मोजलेच नाहीत. एवढी तफावत चार वर्षांच्या मुलीला आकड्यांशिवाय पाठ असते.

म्हणून मुलग्याला किचन घ्या म्हणतो तेव्हा मला असं अजिबात म्हणायचं नाही की साडेआठ हजारांत समानता घरपोच मिळते. खेळणं नक्कल करतं, त्याच्यापुढे जे चाललंय त्याचीच. शनिवारी सकाळी मी पोहे करतो तेव्हा तोही शेजारी कढईत चुरमुरे परततो आणि माझ्यासारखंच फडकं खांद्यावर टाकतो. मी लॅपटॉप घेऊन बसलो असतो तर त्याने ओट्यावर लॅपटॉप मांडला असता. बायकोने एकदा हसत सांगितलं, 'तो शनिवारीच स्वयंपाक करतो, बघितलंस?' तेव्हापासून बुधवारची रात्रही माझ्याकडे आहे.

ह्याच कारणासाठी शेवटची सूचना: किचन मुलाच्या खोलीत ठेवू नका. तिथे ते पंधरा दिवसांत मऊ खेळण्यांचं गोदाम होतं. खऱ्या ओट्याशेजारी ठेवा, तुमची पाठ त्याला दिसेल असं, आणि बरोबर आलेल्या पट्टीने भिंतीला अडकवा, कारण पोरं ओव्हनच्या दारावर उभी राहतात. ओटा त्याच्या कोपराच्या जरा खाली आला पाहिजे. स्वयंपाकघरात जागा नसेल तर बाल्कनीचा विचार करू नका, पहिल्या पावसाळ्यात एमडीएफ फुगेल. ऑर्डर करण्याआधी टेप घ्या, फ्रिजचं दार पूर्ण उघडा, आणि मग उरलेली जागा मोजा.