वजन घेऊन धावणारा

परवा भाचा आला होता. गाड्यांच्या शर्यतींचे भारी वेड. त्याच्यापुढे मी अँडी प्रिओचे नाव काढले, तर म्हणतो, "मामा, तो फॉर्म्युला वनमध्ये कुठे होता?" झाले, विषयच संपला! फॉर्म्युला वनपर्यंत न पोचलेला ड्रायव्हर म्हणजे दुय्यम, हा समज आपल्याकडे इतका पक्का झाला आहे की वाद घालायलाही कोणी थांबत नाही. मला घालायचा आहे.

प्रिओ हा गर्न्सी बेटावरचा. नावाचे स्पेलिंग फ्रेंच, शेवटी चक्क 'एक्स', तो उच्चारायचा नाही. (आडनावांच्या स्पेलिंगची गंमत गोवेकरांना काय सांगावी!) बेट ब्रिटिश राजसत्तेखालचे, पण युनायटेड किंग्डमचा भाग नव्हे. क्षेत्रफळ सुमारे ६५ चौरस किलोमीटर, म्हणजे आमच्या तिसवाडीचा जेमतेम तिसरा हिस्सा. रस्त्यावर वेगाची कमाल मर्यादा ताशी ३५ मैल. अशा ठिकाणचा मुलगा चढणीच्या शर्यतींतून वर आला आणि १९९५ साली ब्रिटिश हिलक्लाइंब विजेता झाला. पुढे सर्किटवर उतरायला पैसा नव्हता, तेव्हा घर विकून बायकोसह कॅरॅव्हॅनमध्ये राहिला. १९९९ च्या रेनॉ स्पायडर स्पर्धेत त्याने सगळ्याच्या सगळ्या १३ शर्यती जिंकल्या. २००२ मध्ये ब्रिटिश टूरिंग कार स्पर्धेत होंडा सिव्हिक, आणि २००३ पासून युरोपात बीएमडब्ल्यू.

आता टूरिंग कार म्हणजे काय? शोरूममध्ये दिसते तीच गाडी, शर्यतीसाठी आतून बदललेली. पत्र्याला पत्रा घासतो, आरसे तुटतात. आणि या खेळाचा एक नियम मला फार आवडतो. जो जिंकेल त्याच्या गाडीत पुढच्या वेळी जादा वजन घालायचे. शिवाय पहिल्या शर्यतीतले पहिले आठ जण दुसरीत उलट्या क्रमाने उभे करायचे. थोडक्यात, सतत जिंकणाऱ्याचे पाय ओढण्याची रीतसर व्यवस्था! अशा व्यवस्थेत प्रिओने लागोपाठ चार विजेतेपदे मिळवली. २००४ चे युरोपचे (डर्क म्युलरशी गुण समसमान, जास्त शर्यती जिंकल्या म्हणून हा विजेता), आणि २००५, २००६, २००७ ही जगाची. वजन वाहून, मागून येऊन, थोडेथोडे गुण गोळा करत. फॉर्म्युला वनमध्ये सर्वांत चांगली गाडी हाती आलेल्याच्या गाडीत कोणी वजन टाकत नाही, हे भाच्याने लक्षात घ्यावे.

जगाची तिन्ही विजेतेपदे मकावला ठरली, म्हणून तर माझे लक्ष गेले. १८४४ पर्यंत मकावचा कारभार गोव्याच्या अमलाखाली होता. तिथल्या गिया सर्किटवर शहराच्याच रस्त्यांवर शर्यत होते. एका वळणाचे नाव लिस्बोआ, एकाचे सांव फ्रान्सिस्को, एकाचे दोना मारिया. दोन्ही बाजूंना कठडे, चुकायला जागा नाही. २००७ ला तिथे पोचताना प्रिओ आणि इव्हान म्युलर दोघांचेही गुण ८१. पहिल्या शर्यतीत म्युलर पुढे असतानाच त्याच्या गाडीने दगा दिला. प्रिओ आठवा आला, गुण एक. पण आठवा म्हणजे दुसऱ्या शर्यतीत सर्वांच्या पुढे! ती त्याने जिंकली. ९२ विरुद्ध ८१. नशीब होतेच, नाही कोण म्हणतो? पण नशिबाने पुढे उभे केल्यावर त्या कठड्यांमधून शेवटपर्यंत पुढेच राहणे हे नशिबाचे काम नव्हे.

नंतर जगाचे विजेतेपद त्याला पुन्हा मिळाले नाही. २००८ व २००९ ही वर्षे डिझेलवर चालणाऱ्या सिआतची होती. २०१५ ला तो ब्रिटिश स्पर्धेत परतला, तेव्हा पूर्वीची धार दिसली नाही, हे मीही मान्य करतो. विल्यम्सची फॉर्म्युला वन गाडी त्याने चाचणीपुरती चालवली, तेवढेच. पण म्हणून त्या चार वर्षांना 'तिथपर्यंत पोचला नाही' या एका वाक्यात गुंडाळायचे?

भाच्याला मी मकावची ती दुसरी शर्यत लावून दाखवली. मुकाट्याने पाहिली त्याने. मध्येच म्हणाला, "मामा, चीनमध्ये ही पोर्तुगीज नावं कशी?" मग काय, ते सांगता सांगता निस्त्याची कढी पार निवली आणि आतून बहिणीच्या हाका सुरू झाल्या.