वृद्धाश्रमातील न भरलेली जागा

वृद्धाश्रमाच्या जमाखर्चात स्वयंपाकी, परिचारिका, पहारेकरी यांचे वेतन बिनतक्रार मंजूर होते. काटकसरीचा पहिला बळी ठरतो तो समाजकार्यकर्ता. वस्तुतः प्रवेशाच्या दिवशी म्हातारा स्वेच्छेने आला की त्याला आणून सोडले, हे विचारणारा तोच. निवृत्तिवेतनासाठी नोव्हेंबरातला हयातीचा दाखला, घराच्या बक्षीसपत्रावर घाईने घेतला जाणारा अंगठा, शेजारच्या खाटेवरची सोबतीण गेल्यापासून अन्न सोडलेली आजी, हे सारे परिचारिकेने फावल्या वेळात पाहावे अशी अपेक्षा असते. तिला फावला वेळ असतो कोठे?

अमेरिकेत १९८७ च्या कायद्याने सरकारी पैसा घेणाऱ्या, १२० हून अधिक खाटांच्या शुश्रूषागृहांना पूर्णवेळ अर्हताप्राप्त समाजकार्यकर्ता नेमणे बंधनकारक केले. आपल्या २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचे कलम १९ प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निर्धन वृद्धांसाठी आश्रमाची कल्पना मांडते. पण शासनाला तो स्थापन ‘करता येईल’, इतकेच. सेवांत वैद्यकीय उपचार आहेत, करमणूकही आहे. समाजकार्यकर्त्याचा उल्लेख नाही. (दूरचित्रवाणी संच एकदाच घ्यावा लागतो, वेतन दरमहा द्यावे लागते, हे त्यामागचे अर्थशास्त्र असावे.)

मुंबईत समाजकार्याचे पदव्युत्तर शिक्षण १९३६ साली सुरू झाले. तेव्हा माणसे मिळत नाहीत ही सबब टिकणारी नाही. राज्याने अनुदानाच्या अटींतच हे पद घालावे आणि तक्रार थेट जिल्ह्याच्या समाजकल्याण अधिकाऱ्याकडे नेण्याची मुभा त्याला द्यावी. एरवी ज्या व्यवस्थापनाकडून पगार घ्यायचा, त्याच्याविरुद्ध तो लिहिणार कसा?