पाणी फोडण्याआधी हिशेब मांडा



बगॅसवर वीज करणे आता नवलाचे राहिले नाही. आता ‘हरित हायड्रोजन’ हा शब्द कानी पडतो. केंद्र सरकारने जानेवारी 2023 मध्ये त्यासाठी 19,744 कोटींचे अभियान मंजूर केले. उद्या हा विषय आपल्या वार्षिक सभेतही येईल. तेव्हा हात वर करण्याआधी हिशेब बघू या.

पाण्यात वीज सोडली की एका टोकाला हायड्रोजन, दुसऱ्या टोकाला ऑक्सिजन सुटतो. 9 किलो पाण्याचा 1 किलो हायड्रोजन, 8 किलो ऑक्सिजन. त्या 1 किलो हायड्रोजनपासून अमोनिया आणि पुढे सुमारे 10 किलो युरिया होतो. किलोला 50 युनिट वीज धरली तर 45 किलोच्या गोणीला सव्वादोनशे युनिट झाले. चार रुपयांनी म्हटले तरी नऊशे रुपये नुसत्या विजेचे! पंजाबात नांगलच्या खत कारखान्याने 1961 पासून भाक्राच्या स्वस्त विजेवर हेच केले. पण पुढे त्यालाही तेलाकडे वळावे लागले.

वीज जास्त मुरते ती ऑक्सिजनच्या टोकाला. तिथली क्रिया सुस्त, तिला उत्प्रेरकाचा रेटा लागतो. उत्प्रेरक म्हणजे स्वतः न संपता काम हलके करणारा पदार्थ. वनस्पती तुपात निकेल हेच करते. इरिडियम चांगले, पण फार दुर्मिळ. म्हणून मिश्रधातूंचा शोध चालू आहे. अमेरिकेत कॉरिगन यांनी 1987 साली दाखवले की अल्कली पाण्यात निकेलला लोखंडाचा नुसता अंश लागला तरी ऑक्सिजन सोपा सुटतो. पिवळ्या पडलेल्या उसाला थोडे हिराकस द्यावे, तसेच हे.

पण ध्यानात घ्या, धातू कितीही गुणाचा निघाला तरी व्यवहारात किलोमागे चाळीस युनिटांच्या आसपास गाडी थांबणार. आणि प्रयोगशाळेत शंभर तास टिकलेला पत्रा कारखान्यात वर्षानुवर्षे टिकेलच असे नाही.

माझे मत स्पष्ट आहे. भागभांडवल आज यात घालू नये. यंत्र विकायला येईल त्याला तीनच प्रश्न विचारावेत: किलोला युनिट किती? पत्रा किती हंगाम टिकतो? वीज कुणाची, कोणत्या भावाने? मात्र संशोधनाकडे पाठ फिरवू नये. पनवेलजवळ कामोठ्याला, पुण्या-मुंबईला आपली मुले अभियांत्रिकी शिकतात. त्यांतल्या कुणी हा विषय घेतला तर कारखान्याने शिष्यवृत्ती द्यावी, प्रयोगाला जागा आणि वीज द्यावी. खर्च थोडा, आणि ज्ञान घरचे राहील.

संचालक मंडळाने विचार करावा, ही विनंती.

— एक ऊस उत्पादक सभासद