इंजिन बघितलं, आतला वास कोण बघणार?

दिवाळी झाली की वस्तीत जुन्या गाडीचा विषय निघतो. ६ डिसेंबरला चैत्यभूमी, १ जानेवारीला भीमा कोरेगाव, एप्रिलमध्ये जयंती, मधल्या दिवसांत लग्नाची भाडी. दरवेळी भाड्याची गाडी करण्यापेक्षा पाच-दहा घरांनी मिळून एक जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घ्यावी, हा विचार चांगलाच आहे. पण बघायला कोण जातं? एक ड्रायव्हर, एक गॅरेजवाला आणि पैसे मोजणारा. इंजिनचा आवाज ऐकतात, टायर बघतात, कागद चाळतात. आत कुबट वास आला, छताच्या कापडावर काळे ठिपके दिसले, तर मालक म्हणतो, "उभी होती हो गाडी, एकदा धुतली की झालं." त्या ठिपक्यांपायी वीस-पंचवीस हजार कमी झाले की सौदा पटतो.

माझ्या मते हा सौदा फसवा आहे. कमी झालेले पैसे वर्गणी देणाऱ्यांचे वाचतात आणि त्याची भरपाई मागच्या सीटवर रात्रभर बसणारी म्हातारी माणसं नि पोरं करतात.

पाथर्डी हा कमी पावसाचा तालुका. बुरशीचं आपल्याला फार काही वाटत नाही. भाकरीला आली तर टाकतो, चपलेला आली तर पुसतो. पण अशा कोरड्या मुलखात उभ्या गाडीचं छत काळं पडलं असेल, तर पाणी आलं कुठून हा पहिला प्रश्न. काचेची किंवा छताची रबरं गेली असतील, एसीचं पाणी आत गळत असेल, नाहीतर गाडी पुरात उभी राहिली असेल. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगली आणि २०२१ च्या जुलैमध्ये चिपळूण पाण्याखाली गेलं, तेव्हा गाड्याही बुडाल्या. २०२५ च्या सप्टेंबरात तर आपल्याच तालुक्यात अतिवृष्टीनं ओढे-नाले घरात आले. बुडालेली प्रत्येक गाडी भंगारात जात नाही. धुऊन, पुसून, रंग मारून ती दुसऱ्या गावी विकता येते.

भिजलेली वस्तू एक-दोन दिवसांत वाळली नाही तर बुरशी धरते. सीटचा फोम, खालची प्लायवूडची फळी, छताचं अस्तर वरून कोरडं लागतं आणि आतून आठवडेच्या आठवडे ओलं राहतं. तिथून बुरशीचे बारीक कण हवेत सुटतात. ओल आणि बुरशी असलेल्या जागेत राहिल्यानं खोकला, धाप, दमा, ॲलर्जी वाढते, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २००९ साली याच विषयावरच्या मार्गदर्शक पुस्तिकेत सांगितलं आहे. ती पुस्तिका घरांबद्दल आहे. पण पाथर्डी ते दादर डिसेंबरच्या थंडीत, काचा बंद, वीस माणसांचा श्वास आत, म्हणजे ती गाडी त्या रात्रीपुरतं घरच आहे, आणि घरापेक्षा कितीतरी कोंदट.

ड्रायव्हर म्हणतो, "मला तर काही होत नाही." धडधाकट माणसाला बहुतेक वेळा होत नाहीच. दमेकऱ्याला होतं, लहान लेकराला होतं. ज्यांना पूर्वी टीबी होऊन गेला आहे त्यांनी तर जास्तच जपावं. बऱ्या झालेल्या टीबीनं फुप्फुसात पोकळी राहिली असेल तर तिथं बुरशी वाढू शकते. मग खोकला हटत नाही, थुंकीतून रक्त पडतं, आणि घरचे समजतात टीबी परत आला. असं झालं तर ती फक्त टीबीच असेल असं धरून बसू नका, डॉक्टरांना जुन्या टीबीबद्दल आवर्जून सांगा. आपल्या वस्त्यांत टीबीची गोळी खाल्लेलं माणूस नाही अशी गल्ली शोधावी लागेल, म्हणून हे लिहिलं. एक मात्र सांगतो, २०२१ मध्ये कोरोनानंतर ज्या 'काळ्या बुरशी'नं लोकांचे डोळे गेले ती वेगळी. छतावरचे काळे ठिपके म्हणजे तो आजार नव्हे, तेव्हा घाबरून जायचं कारण नाही.

मग घ्यायचीच नाही का? तसं नाही. स्टिअरिंगवर, सीटच्या रेक्झिनवर वरवर पांढुरकी बुरशी असेल, आतला फोम कोरडा असेल, तर साबणाच्या पाण्यानं धुऊन कडक उन्हात वाळवली की गाडी चालते. पण फोम, फळी किंवा अस्तर ओलं असेल तर ते धुऊन जात नाही, काढूनच टाकावं लागतं. ब्लीचिंग फासलं, अत्तर मारलं तरी वास दबतो, आतली बुरशी तिथेच राहते. मेलेल्या बुरशीनंही दमेकऱ्याला त्रास होतो. म्हणून आधी कुशनवाल्याला गाडी दाखवा, सगळ्या सीटा आणि छत नवं करायचा भाव काढा आणि तो किमतीतून वजा करा. एवढं करून मालक तयार नसेल तर उठून या. आणि पाणी कुठून येतं तेच सापडत नसेल, किंवा गाडी पुरातली निघाली, तर फुकट दिली तरी नको.

पुरातली गाडी ओळखता येते. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, तळाशी मातीची रेघ दिसेल. खालची मॅट उचला, सीटच्या बोल्टला गंज आहे का बघा, स्टेपनीच्या जागेत गाळ चाचपा. जुनी विम्याची पॉलिसी मागा, पूर्वी मोठा क्लेम झाला होता का विचारा. पासिंग झालंय एवढ्यावर जाऊ नका, पासिंगला ब्रेक-लाईट बघतात, फोमच्या आत कोण बघत नाही.

बघायला जाताना महिला मंडळातल्या दोघींना सोबत न्या. पैसे बचत गटाचे असोत वा नसोत, मागं बसणार त्याच आहेत. दुपारी जा, काचा लावून गाडी अर्धा तास उन्हात उभी करा आणि मग दार उघडून पहिला वास घ्या. त्या वेळी दमेकऱ्याला आत पाठवू नका.

ज्यांनी अशी गाडी आधीच घेतली आहे त्यांनी येत्या ६ डिसेंबरपर्यंत वाट बघू नये. रबरं आत्ता बदला, भिजलेला फोम काढून टाका. तोंडाला मास्क लावून काढा आणि तो पोरांच्या खेळायला देऊ नका. फळ्या आठवडाभर उघड्या उन्हात ठेवा. तोवर म्हाताऱ्यांना एसटीनं पाठवलेलं बरं.