आत्ता घ्यावा की थांबावं?

मागच्या महिन्यात आमच्या बचत गटाच्या बैठकीत हिशेब राहिला बाजूला आणि चर्चा रंगली ती टॅबवर. गटात आम्ही बारा जणी. पापड, कुरडया, मसाले असा आमचा व्याप. ऑर्डरी येतात त्या आमच्या सचिवताईंच्या मुलाच्या मोबाईलवर. तो कॉलेजात असला की निरोप संध्याकाळी कळतो. संक्रांतीच्या वाणाची एक मोठी ऑर्डर अशीच हातची गेली. म्हणून गटासाठी एक टॅब घ्यायचं ठरत होतं. पैसेही जमले होते. तेवढ्यात एक वहिनी म्हणाल्या, ‘‘अहो, दिवाळीत स्वस्त मिळतो म्हणे. नवीन मॉडेलही येतंय. थांबूया की!’’ झालं! सगळ्या थांबायला तयार.

मैत्रिणींनो, थांबायची आपल्याला सवयच आहे. २०२०मध्ये शाळा ऑनलाईन झाल्या तेव्हा मुलांसाठी घराघरांत मोबाईल आले, अगदी उसनवारी करून. ते योग्यच होतं. पण आपल्या कामाची वस्तू म्हटली की ‘बघू पुढच्या वर्षी’ हे आपणच आधी म्हणतो.

स्वस्ताची वाट पाहण्याचं तर काही खरं नाही. खेड्यातल्या, लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसालाही वापरता यावा म्हणून बंगळूरच्या तज्ज्ञांनी ‘सिम्प्युटर’ नावाचा तळहातावर मावणारा संगणक तयार केला. त्याचा गाजावाजा खूप झाला. २००४ साली तो दुकानात आला, पण पुढे मोबाईलच स्वस्त होत गेले आणि तो मागे पडला. मग ऑक्टोबर २०११मध्ये विद्यार्थ्यांसाठी ‘आकाश’ टॅब आला. किंमत ऐकून सगळे हरखले, पण तो फार हळू चालतो, बॅटरी टिकत नाही, अशा तक्रारी लगेच सुरू झाल्या. म्हणजे येणाऱ्या वस्तूच्या भरवशावर काम अडवून ठेवू नये आणि नुसत्या कमी किमतीला भुलूही नये.

मग करायचं काय? मी बैठकीत एवढंच म्हटलं, ‘‘थांबल्याने किती पैसे वाचतील ते मांडा. आणि दिवाळीपर्यंत किती ऑर्डरी हुकतील तेही मांडा.’’ सचिवताईंनी वहीत दोन रकाने आखले. दुसरा रकाना जड निघाला. आमचं उत्तर वहीतच होतं!

सगळ्यांचं उत्तर हेच असेल असं मात्र नाही. माझ्या शेजारणीला टॅब हवा होता तो मालिका आणि पाककृती बघायला. तिच्याकडे चांगला मोबाईल आहे. तिला मी खुशाल थांबायला सांगितलं. तिचं काही अडलेलं नाही, सवलतीत मिळाला तर फायदाच. उगाच हप्त्यावर घेऊन उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग कशाला?

घ्यायचं ठरलं, तर दुकानात चार गोष्टी विचारा. सुरक्षेचे अपडेट किती वर्षं मिळणार? जुन्या झालेल्या यंत्रावर बँकेची अ‍ॅप चालेनाशी होतात, म्हणून जुनं मॉडेल स्वस्तात मिळतंय म्हणून भुलू नका. सिमकार्ड बसतं का? काही टॅब नुसत्या वायफायवर चालतात. दुरुस्ती आपल्या तालुक्याच्या गावी होईल का? आणि मराठी टाईप करायला सोपं जातंय का, ते तिथंच करून बघा. पक्की पावती घ्यायला विसरू नका.

आमचा टॅब आता आलाय. पावती गटाच्या नावाने आहे. पासवर्ड तिघींना ठाऊक आहे आणि तो दर आठवड्याला पाळीपाळीने एकेकीच्या घरी जातो. ‘‘मुलांच्या हातात द्यायचा नाही,’’ हा नियम सचिवताईंनीच सुचवला! परवा त्यांनी स्वतः ऑर्डर घेतली, पाच किलो मसाल्याची. बोटं जरा अडखळली, पण निरोप वेळेत गेला.

तुमच्या घरात, गटात अशी कुठली वस्तू ‘पुढच्या वर्षी’वर ढकलली आहे? एकदा वहीत दोन रकाने आखून बघा तर!