शुहूर सनातील संख्यावाचके : एक उपेक्षित भाषिक साधन

कोल्हापुरातील शिवाजी पेठेसारख्या जुन्या वस्तीत एखाद्या घराच्या माळ्यावरून मोडी कागद निघाला, की वाचणारा प्रथम त्याचा सन काढतो. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर व हजार, अर्थात ११६१. त्यात ५९९, आणि कागद जानेवारी ते मृग या काळातला असल्यास ६००, मिळविले की इसवी सन हाती येतो. जानेवारी १७६१ मधील पानिपतचा संग्राम याच वर्षातला. सन निघाला की या शब्दांचे काम संपले, असे इतिहासाच्या अभ्यासकाने मानल्यास नवल नाही. मराठीच्या अभ्यासकानेही तसेच मानावे, हे मात्र पटत नाही.

हे शब्द सर्रास फारसी समजले जातात. वस्तुतः ते अरबी, म्हणजे सेमिटिक कुळातील आहेत. फारसी ‘पंज’ हा आपल्या ‘पाच’चा आप्त, तर ‘खमस’चा आप्त हिब्रूतील ‘हामेश’. सेमिटिक भाषांत तीन ते दहा या संख्या मोजलेल्या नामाच्या उलट लिंगाचे रूप धारण करतात. अरबीत वर्षवाचक ‘सना’ स्त्रीलिंगी. म्हणून दप्तरात ‘खमसा’ नाही, ‘खमस’ आहे. एकाचे रूप मात्र नामाला अनुसरते, म्हणून ‘वाहिद’ऐवजी ‘इहिदे’. ‘मयातैन’मध्ये (दोनशे) तर चक्क द्विवचन आहे, जे आपल्या भाषेने प्राकृतावस्थेतच टाकले. एकं आधी, दहं नंतर हा क्रम तेवढा ‘एकवीस’ म्हणणाऱ्या कारकुनाला परका वाटला नसावा.

खरी मौज ‘अर्बैन’, ‘सबैन’, ‘तिसैन’ या रूपांत आहे. अरबीतील चार, सात व नऊ यांच्या अंती ‘ऐन’ हा कंठ्य वर्ण येतो. मराठी उच्चारात तो लोपला आणि पुढील ‘ईन’ला मागील स्वर मिळून ‘ऐन’ झाले. परंतु पाच आणि सहा यांच्या अंती तो वर्ण नाहीच! तरीही ‘खमसैन’, ‘सितैन’ रूढ झाले. हे सादृश्याने घडलेले, म्हणून मराठी लेखणीचे कर्तृत्व म्हटले पाहिजे. १६७४ साली राज्याभिषेक शक सुरू झाला, राज्यव्यवहारकोशही रचला गेला. तरी ही रूपे पेशवाईअखेर टिकली.

१९२५ साली ‘फार्शी-मराठी कोश’ सिद्ध करणारे माधव जूलियन पुढे याच नगरीत राजाराम महाविद्यालयात अध्यापन करीत होते. अशा ठिकाणी मोडी पत्राचे लिप्यंतर छापताना ‘सितैन’चे ‘सित्तीन’ करणे, किंवा शब्द गाळून केवळ इसवी सन देणे, ही संपादकीय शुद्धी नव्हे. ‘सित्तीन’ कोणत्याही अरबी कोशात सापडेल. ‘सितैन’ या कागदांखेरीज कोठे शोधावयाचे?